पोहे खाऊन गेलेली मुलगी

आज सकाळी दिव्यांग डब्यात ठाण्याला एक मुलगी चढली. गळ्यात कॉलेजचं आयकार्ड, हातात मोबाइल. (तिने त्या डब्यात चढायचंच नव्हतं, पण ते सोडा.) "मॅडम, प्रोजेक्ट आहे, पाचच मिनिटं." गूगल फॉर्म. चौथा प्रश्न: अपंगत्वामुळे तुम्हाला निराश वाटतं का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

म्हटलं, बाळा, निराश मी लिफ्ट बंद असते तेव्हा होते, तो पर्याय कुठाय? ती गोड हसली आणि 'कधीकधी'वर टिक करून मोकळी झाली.

डोकंच फिरलं. कारण ही मुलगी मी आधी पाहिलीय.

१९९८. लालबागची आमची चाळ, दुसरा मजला. समाजकार्य शिकणारी एक मुलगी तीन रविवार आली. पोलिओ कधी झाला, पायाला आधाराचा कॅलिपर कधी लागला, लग्नाचं काय, आई रडते का. आई दर वेळी पोहे करायची, वर ओलं खोबरं. जिन्याला ३१ पायऱ्या. ती स्वतः धापा टाकत वर यायची, पण जिन्याबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही! रिपोर्ट दाखवते म्हणाली. अजून दाखवतेय.

१९८३ साली माइक ऑलिव्हर या ब्रिटिश अभ्यासकाने 'सोशल मॉडेल' हा शब्द रूढ केला. तो स्वतः व्हीलचेअरवर होता. साध्या मराठीत सांगायचं तर, माझा पाय मला अडवत नाही, जिना अडवतो. हे आता अभ्यासक्रमात आहे म्हणे. मग फॉर्ममध्ये का नाही?

आणि असल्या प्रोजेक्टची प्रस्तावना ठरलेलीच: २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग. अगं, त्या जनगणनेत आठ प्रकार विचारले होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. आता तू नक्की कोणाला मोजणार आहेस, हे तरी आधी ठरव. पन्नास सँपल कशाला हवेत? एक स्टेशन घे, पाच माणसं घे. महिनाभर लिफ्ट किती दिवस चालू होती ते वहीत लिही. बहिऱ्या मुलाशी बोलायचं तर सांकेतिक भाषेचा दुभाषी घेऊन जा, त्याच्या आईला विचारून परत येऊ नकोस. आणि प्रश्न छापण्याआधी आमच्यातल्या दोघांना वाचून दाखव. चौथा प्रश्न तिथेच गळाला असता.

हो, सेमिस्टर चार महिन्यांचं, फॉर्मॅट गाइड देतो, मान्य. तिचा एकटीचा दोष नाही.

खरं सांगू? १९९८ च्या त्या मुलीवरही माझा राग नाही. राग आईच्या प्रश्नाचा येतो. पुढे कित्येक वर्षं ती मधूनच विचारायची, "त्या पोरीला मार्क किती पडले गं?" मी काय सांगणार? दिवाळीत ती आली तर म्हणून आई चकलीचा डबा बाजूला काढून ठेवायची.

कुर्ल्याला आजची मुलगी उतरायला निघाली. न राहवून मी तिला माझा नंबर दिला. म्हटलं, फॉर्म घरी ठेव, शनिवारी डोंबिवलीला ये, माझ्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत सोबत चल, वाटेत काय विचारायचं ते विचार. पण रिपोर्ट दाखवायचा, ही अट.

"नक्की येते काकू," म्हणाली. मॅडमची काकू झाले तेवढ्यात.

पोहे आणून ठेवलेत. नारळ उद्या आणीन.