बालवाडीच्या ताईच्या कोर्सची फी शाळेनेच भरली पाहिजे

मार्च-एप्रिल आला की मला मेसेज सुरू होतात. ‘ताई, मॉन्टेसरीचा कोर्स करायचाय, कुठून करू?’ त्याचं उत्तर लिहीपर्यंत दुसरा मेसेज येतो, ‘आणि पैशांचं कसं जमवू?’ विचारणाऱ्या बहुतेक जणी कुठल्या ना कुठल्या बालवाडीत आधीच शिकवत असतात. पगार सात-आठ हजार, कुठे त्याहूनही कमी, आणि मे महिन्याची सुट्टी बिनपगारी. प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. ही फी तिने भरायचीच नाही. ती ज्या शाळेतली मुलं सांभाळणार आहे, त्या शाळेने भरायची.

आधी कोर्सचं बघू. मॉन्टेसरी म्हणजे लहान मुलांनी खास साधनं हाताळत स्वतःच शिकण्याची पद्धत. ‘मॉन्टेसरी’ ही पाटी कोणीही लावू शकतं, शाळेवर आणि क्लासवरही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून दोन-तीन महिन्यांत डिप्लोमा देणारेही आहेत आणि ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी १९२९ साली स्थापन केलेल्या एएमआय या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, रोज जाऊन करायचे कोर्सही आहेत. पैसे भरण्याआधी एकदा तिथे प्रत्यक्ष जाऊन या. साधनं कपाटात दिसतात की शिकणाऱ्यांच्या हातात? सरावासाठी कोणत्या बालवाडीत पाठवतात? तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असतात का? शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः किती वर्षं मुलांबरोबर काढली आहेत? या प्रश्नांना टाळाटाळ झाली तर सरळ घरी या, सर्टिफिकेटवर कितीही सोनेरी शिक्के असोत.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतेय? मॉन्टेसरी साधनांतला गुलाबी मनोरा घ्या. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे, बघायला अगदी सोपं काम. प्रशिक्षणात शिकणारी बाई आधी चटई अंथरायला शिकते. मग एकेक ठोकळा स्वतंत्र उचलून आणायचा, लहानातला लहान दोन बोटांत धरून. मोठ्यावर धाकटा ठेवत जायचं, आवाज न करता आणि मुख्य म्हणजे न बोलता. शब्द कमी असले की मुलाचं लक्ष हातांकडे जातं. मग मूल करायला बसलं की बाईने मागे सरायचं. त्याने तिसऱ्याच्या जागी पाचवा ठेवला तरी ‘अरे, तो नाही’ म्हणायचं नाही. चूक मनोराच दाखवतो, मूल थांबतं, बघतं, मोडतं, पुन्हा रचतं. आपल्यातल्या ‘शिकवणाऱ्या बाई’ला गप्प बसवणं हा या कोर्समधला सगळ्यात कठीण भाग आहे. त्यासाठी वर्गाच्या कोपऱ्यात बसून तासन् तास नुसतं निरीक्षण करावं लागतं, काय दिसलं ते लिहावं लागतं, प्रत्येक साधन मुलाला कसं दाखवायचं याच्या टिपणांचे आल्बम आपल्या हाताने तयार करावे लागतात. तबल्याचे बोल वहीत उतरवून हात तयार होत नाही, तसंच हे आहे.

आता पैशांकडे येते. चांगल्या पूर्णवेळ कोर्सची फी, राहण्याजेवणाचा खर्च आणि तेवढ्या काळातला बुडालेला पगार एकत्र केला की हिशोब लाखांत जातो. बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न कोर्सला मान्यता कोणाची हा असतो, आणि तिथेच पुष्कळ जणींची गाडी अडते. मग गळ्यातलं गहाण पडतं, भिशी उचलली जाते, बचत गटातून किंवा पतसंस्थेतून कर्ज निघतं. आठ हजार पगाराची बाई हप्ते फेडते आणि तिच्या जिवावर शाळा ‘प्रशिक्षित शिक्षिका’ असं पत्रकात छापून प्रवेश वाढवते. हे मला साफ अन्यायाचं वाटतं.

शाळेकडे पैसे नसतात, हे तर मला सांगूच नका. एका शाळेत मी काचेच्या कपाटात मॉन्टेसरी साधनांचा पूर्ण संच पाहिलाय. कपाटाला कुलूप होतं. मण्यांच्या साखळ्यांचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. ती कशी वापरायची हे एकाही ताईला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि हरवली तर भरून द्यावी लागतील या भीतीने त्या हातही लावत नव्हत्या. त्या संचाच्या किमतीत दोघींचं शिक्षण सहज झालं असतं.

आणि साधनं महागच लागतात असंही नाही. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये चेन्नईतल्या अड्यारला आल्या, पहिल्याच प्रशिक्षणाला देशभरातून सुमारे तीनशे जण जमले होते. महायुद्धामुळे त्या १९४६ पर्यंत इथेच राहिल्या (त्यांचा मुलगा मारिओ इटालियन म्हणून काही काळ आपल्या अहमदनगरला नजरकैदेत होता, हे फार जणांना ठाऊक नसतं). पण त्याआधीच गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक हे बालशिक्षणतज्ज्ञ ही पद्धत आपल्या मातीत रुजवत होते. ताराबाईंनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे काम जवळच्याच कोसबाडला गेलं. बिया, शिंपले, पानं, माती हीच तिथली साधनं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. अनुताई वाघ बालविधवा, पुण्यात शिक्षिका होत्या. त्या बोर्डीला गेल्या आणि ताराबाईंच्या हाताखाली, काम करता करताच बालशिक्षण शिकल्या. तिथे पहिली गुंतवणूक माणसावर झाली, वस्तूंवर नंतर.

फी भरतो पण बाँड लिहून द्या, असं काही संस्था म्हणतात. माझी त्याला हरकत नाही. शाळेने खर्च केला तर दोन-तीन वर्षं तिथे काम करणं रास्त आहे. मात्र कोर्स झाल्यावर पगार किती वाढणार हे त्याच कागदावर लिहून घ्या. आणि मूळ सर्टिफिकेट शाळेच्या ताब्यात कधीच देऊ नका. माझ्या ओळखीच्या एकीची कागदपत्रं अशीच अडकवून ठेवली होती, दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली तरी तिला जाता येईना.

छोट्या गावातल्या संस्थेला एकटीला खर्च झेपत नसेल तर तीन-चार बालवाड्यांनी मिळून दरवर्षी एकीला पाठवावं, तिने आल्यावर बाकीच्यांचा सराव घ्यावा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. आपल्याकडे त्यातून बाकं येतात, स्मार्ट बोर्ड येतात, कारण त्यांवर कंपनीचं नाव रंगवता येतं. संस्थाचालकांनी कंपन्यांकडे पाठवायच्या प्रस्तावात शिक्षिकेच्या फीचं कलम धीटपणे घालावं.

सरकारी बाजूला २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम सांगितलाय. तो टीव्ही-मोबाइलवरून, महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घेऊन चालवायची कल्पना आहे. काम न सोडता शिकता येईल हे चांगलंच. पण महिन्यातून एका दिवसात हात तयार होणार नाहीत. प्रत्यक्ष वर्ग वाढवायला हवेत आणि त्या दिवसांचं मानधन कापलं जाता कामा नये.

पालकांनो, जूनमधल्या पहिल्या पालकसभेत एसी आणि सीसीटीव्हीबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारा: आमच्या मुलांच्या ताईंचं प्रशिक्षण कुठे झालं आणि त्याचे पैसे कोणी भरले? आपल्या शिक्षिकांची फी भरणाऱ्या शाळा तुम्हाला माहीत असतील तर गावासकट खाली लिहा. मेसेज करणाऱ्या मुलींना मी ती यादी पाठवणार आहे.