अप्पांचा टीव्ही आणि आमचे इंच

गेल्या दिवाळीच्या आधी तीन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते आकडे फिरत होते. ४३, ५०, ५५, ६५. दादा पुण्याजवळ वाकडला बसून ६५ च्या खाली उतरायला तयार नव्हता. वहिनी म्हणत होती ५५ खूप झाला. मी ठाण्यातून दोघांना लिंका पाठवत होते. टीव्ही लागणार होता इचलकरंजीत, अप्पांच्या बाहेरच्या खोलीत. अप्पांना मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. सरप्राइज होतं ना!

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मूळ किंमत ४० हजार धरली तर करात सरळ ४ हजार वाचतात. दादानं ते ४ हजार त्याच दिवशी इंचांत घातले. त्याला एकट्याला नावं ठेवत नाही, माझ्या ओळखीत सगळे हेच करतात. आईवडिलांना टीव्ही घेताना आपण जे इंच मोजतो ते भिंतीचे नसतात. वर्षातून चारदा गावी जाणारा ५५ घेतो, दोनदा जाणारा ६५. (दादा, वाचत असशील तर रागावू नकोस. मी तीनदा जाते.)

मी आईला गुपचूप फोन करून सांगितलं, अप्पांच्या खुर्चीपासून समोरच्या भिंतीपर्यंत किती फूट भरतं ते मोजून ठेव. आईनं अर्थातच ते अप्पांनाच मोजायला लावलं. उत्तर आलं, "सहा हात." कापडाच्या गावात आयुष्य गेलेला माणूस टेप शोधत बसत नाही. सहा हात म्हणजे नऊ फूट. इंटरनेटवरचे तक्ते सांगतात, कर्णाच्या दीड-पावणेदोन पट अंतरावर बसावं. नऊ फुटांना म्हणजे १०८ इंचांना ते गणित ६५ च्या आसपासच येतं. दादानं ग्रुपवर विजयाचा अंगठा टाकला.

पण हे तक्ते चित्र स्वच्छ, एचडी नाहीतर फोर-के, आहे असं धरून केलेले असतात. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. आमच्या घरी जो केबलचा जुना बॉक्स होता त्यातून येणारं साधं चित्र ७२० गुणिले ५७६ चं, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत. एका ठिपक्याला वीस ठिपक्यांची जागा भरायची म्हटल्यावर तो पसरणारच. पातळ पिठाचा डोसा मोठ्या तव्यावर घातल्यासारखं. साध्या चित्रासाठी जुना ठोकताळा पडद्याच्या उंचीच्या सहा पट लांब बसण्याचा आहे. ६५ इंची पडदा ८१ सेंटिमीटर उंच. सहा पट म्हणजे सोळा फूट. अप्पांना तेवढं लांब बसवायचं तर खुर्ची रस्त्यावर न्यावी लागली असती.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. कुणी वाचलं नाही. दसऱ्याला मीच चार दिवस गावी गेले.

इथं अप्पांबद्दल सांगायला हवं. ते ३८ वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, चालू ठेवणारा माणूस. बारा-बारा तासांच्या पाळ्या, एका शेडमध्ये शेजारी शेजारी खडखडणारे साधे माग, प्रत्येकावर आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं आपटतोय. तिथं एकमेकांशी बोलायचं तर हाताच्या खुणा करायच्या किंवा ओठ बघायचे. लहानपणी डबा घेऊन गेलं की शेडच्या दारातच माझे कान बधिर व्हायचे. अप्पा त्यात अर्धं आयुष्य उभे होते.

त्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कसं कमी ऐकू येतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख कपाटात पडून होता, तो या वेळी पहिल्यांदा नीट बघितला. खालच्या सुरांना रेघ बरी आहे, आणि ४००० हर्ट्झच्या आसपास ती खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा कान नेमका तिथंच जातो. आपल्या बोलण्यातले स, श, फ असले हवेचे बारीक आवाज त्याच वरच्या पट्टीत असतात. आ, ओ, ऊ हे भरभक्कम स्वर खाली असतात. म्हणजे अप्पांना आवाज येतो, शब्द येत नाही. ‘साठ’ म्हटलं काय आणि ‘आठ’ म्हटलं काय, त्यांच्यापर्यंत फक्त ‘आठ’ पोचतं. टीव्हीचा आवाज वाढवला की तो ‘आ’ आणखी मोठा होतो, ‘स’ काही उगवत नाही. आई वर्षानुवर्षं म्हणत आली, "एवढा मोठा लावतात तरी म्हणतात कळंना." ती खोटं बोलत नव्हती आणि तेही नव्हते.

त्या चार दिवसांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि खरं तर ही पोस्ट तिच्यासाठीच लिहितेय.

आमची सगळ्यांची ठाम समजूत होती की अप्पांना राजकारणाचं वेड आहे. सकाळी सात ते रात्री अकरा बातम्या. त्यावरून आईशी भांडण, त्यावरून आमचे विनोद. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून टीव्हीऐवजी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे निवेदिकेवर नव्हते. ते खाली होते, पट्टीवर. एक पट्टी संपली की वरची चौकट, मग कोपऱ्यातलं तापमान, मग पुन्हा खालची पट्टी. माणूस टीव्ही वाचत होता.

बातम्यांत अक्षरं असतात. क्रिकेटमध्ये धावफलक असतो. मालिकेत काहीच लिहिलेलं नसतं. तिथं लोक पाठमोरे बोलतात, रडत बोलतात, आणि प्रत्येक वाक्याखाली ढणढण संगीत असतं. आई रात्री मालिका लावायची तेव्हा अप्पा उठून ओट्यावर जाऊन बसायचे. आम्ही म्हणायचो, पुरुषांना कुठं मालिका आवडतात!

तिथून पुढं टीव्ही निवडणं सोपं झालं, कारण आता कुणासाठी घ्यायचा ते कळलं होतं. इंचांवरचं माझं मतही बदललं, हे कबूल करते. मी ४३ वर अडून होते. पण पट्टी वाचायची तर अक्षर मोठं हवं, ओठ वाचायचे तर चेहरा मोठा हवा. ५५ ठरला. रुंदी १२२ सेंटिमीटर, उंची साडेअडुसष्ट. मात्र त्यासोबत केबलवाल्याकडून एचडी बॉक्स बदलून घ्यायचा आणि घरात ब्रॉडबँड घ्यायचा, ही अट घातली. मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास थेट दिसतात, आणि आमच्या जुन्या बॉक्सवर पट्टीतली जी जोडाक्षरं चिखलात रुतल्यासारखी दिसायची ती तिथं सुटी दिसतात. टीव्हीवर पन्नास हजार घालून त्यात जुन्या बॉक्सची लाल-पांढरी-पिवळी वायर खुपसणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

दुकानाचं थोडक्यात सांगते. तिथं प्रत्येक पडद्यावर तेच ते, रंग उधळतायत, पोपट उडतायत, पाण्याचा थेंब हळूहळू पडतोय. पोरगा म्हणाला, "मॅडम, ह्यात एआय पिक्चर हाय." मी म्हटलं, मराठी बातम्या लाव. तो दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला. मग वायफाय जोडून त्यानं लावल्या, आणि पाच टीव्हींपैकी दोन तिथल्या तिथं बाद झाले. मग मी बाजूला जाऊन तिरकी उभी राहिले, कारण आई खुर्चीत बसत नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी कॉटवर बसते, भाजी निवडत. काही पॅनेल समोरून काळेभोर दिसतात आणि बाजूनं बघितलं की राख फासल्यासारखे होतात. आयपीएस प्रकारचं पॅनेल बाजूनं बरं दिसतं, काळा रंग थोडा फिका असला तरी. सिनेमाच्या शौकिनांनी उलटं निवडावं. आमच्याकडे अंधार करून कुणी सिनेमा बघत नाही, अंधार फक्त लाइट गेल्यावर होतो.

आता आवाज. हल्लीचे टीव्ही इतके पातळ की स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून बसवलेले असतात. बोलणारा माणूस समोर आणि त्याचा आवाज भिंतीवर आपटून येणार. आधी फुकटचा उपाय केला, सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करायचा पर्याय असतो तो चालू केला. थोडा फरक पडला. मग दादानं ब्लूटूथ हेडफोन पाठवला. तो जोडला आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद झाला. अप्पा खूश, आणि आई मूकपट बघत बसली. दोन्हीकडे एकदम आवाज देणारे टीव्ही असतात, आमचा नव्हता. शिवाय अप्पांनी पाच मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, "ओठ फुडं जायलेत आनि आवाज मागनं यायलाय." मला तो उशीर जाणवलाही नव्हता. शेडमध्ये अर्धं आयुष्य ओठ बघून बोललेल्या माणसाला सेकंदाचा दहावा भागसुद्धा खुपतो.

शेवटी वायरनं जोडायचा साउंडबार आणला, ज्यात मधला एक स्पीकर फक्त संवादासाठी असतो. खोक्यावर ३.१ असं लिहिलेलं असतं, २.१ मध्ये तो मधला नसतो. एचडीएमआयच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच ती वायर घालायची. धमधम करणारा डबा सोबत येतो, तो मी कॉटखाली सारून आवाज शून्यावर नेलाय. कानाचं यंत्र लावलं तर याहून चांगला फरक पडेल हे डॉक्टरांनी सांगितलंय, मीही सांगितलंय. अप्पा म्हणतात कानात बोंडं घालून फिरणार नाही. ते भांडण अजून संपलेलं नाही.

बसवायला आलेल्या पोरानं मात्र घात केला. मी चहा आणायला आत गेले तेवढ्यात त्यानं भोकं पाडली, दाराच्या चौकटीच्या उंचीवर. का, तर "खाली जुनं शोकेस हाय, चांगलं दिसंल." खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतात, पडद्याचा मध्यही तिथंच हवा. देवळाच्या कळसाकडे बघावं तसं मान वर करून सोळा तास बातम्या वाचल्या तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा. शोकेस सरकवलं, भोकं पुन्हा पाडली, जुनी भोकं कालनिर्णयनं झाकली. कालनिर्णयच्या नव्या जागेवरून आईनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

राहिला रिमोट. स्मार्ट टीव्ही चालू केला की तो आधी स्वतःचं दुकान मांडतो, हा सिनेमा बघा, ती सिरीज बघा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिथून बातम्यांपर्यंत पोचायला सहा बटणं दाबावी लागतात, आणि सातव्यांदा चुकलं की तो टीव्ही बंद करून ठेवतो. मुलांना वाटतं काय मस्त वापरतायत! चालू केल्यावर आधीच्याच ठिकाणी उघडायची सोय बऱ्याच टीव्हींत असते, सेटिंगमध्ये खोल पुरलेली. ती शोधून दिल्याशिवाय घरातून निघायचं नाही, एवढं तरी करा. यूट्यूबसाठी मी माइकचं बटण दाखवलं. अप्पांनी रिमोट तोंडासमोर धरला आणि वाहिनीचं नाव असं ओरडून सांगितलं की शेजारचे डोकावले. माग बंद झाले तरी जॉबरचा आवाज खाली येत नाही. रिमोटला पहिल्या झटक्यात कळलं. अप्पांनी आईकडे बघितलं, "बघ, ह्याला एकदाच सांगाय लागतंय."

दादा पाडव्याला आला, नऊ फुटांवर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "६५ बसला असता रे." मी काही बोलले नाही. बिल अर्धं त्यानंच भरलंय.

काल रात्री आईचा फोन. टीव्हीबद्दल तक्रार आहे म्हणाली. मला वाटलं साउंडबार बिघडला.

"ते बरं चाललंय. ह्यांचं काय करायचं सांग. आता ओट्यावर जात न्हाईत. माझी मालिका बघत बसतात आणि दर दोन मिन्टाला इचारतात, ह्यो कोण, तिचा दीर का? मग ती का रडाय लागली? मला म्हेलीला एक वाक्य धड ऐकू दीनात."