भाडेकरूची भीती आणि एजंटची दलाली

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. भाड्याने देण्यासाठी ज्याच्याकडे एखाददुसराच फ्लॅट आहे, त्याने तो स्वतः सांभाळण्याच्या फंदात न पडता सरळ एजंटवर सोपवावा, हे त्याचे सार. कारणे चार दिली जातात. भाडेकरू बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते. अकरा महिन्यांचा नोटरी केलेला करार पुरतो आणि तो एजंटच करून देतो. पोलीस आणि सोसायटी यांची कागदपत्रे एजंटशिवाय होत नाहीत. आणि एवढ्या कटकटीतून सुटका होत असेल तर एका महिन्याचे भाडे ही काही मोठी रक्कम नव्हे. यांतील पहिली दोन कारणे कायद्याला धरून नाहीत, तिसरे अर्धवट आहे आणि चौथ्यात हिशेब मांडलेलाच नाही.

बारा वर्षांच्या भीतीला इतिहास आहे, म्हणून तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मुंबई भाडे नियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नुसत्या वापर-परवानगीवर राहत असलेल्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरूचा, म्हणजे सहजी काढता न येणाऱ्या भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांनी हे पाहिले त्यांनी पुढे फ्लॅट रिकामे ठेवले, पण भाड्याने दिले नाहीत. मात्र तो कायदा आज लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला असून त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्यासाठी मालक दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या लायसन्स शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य झाल्याचे धरले जाते. प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपील नाही, केवळ पुनरीक्षण, म्हणजे वरिष्ठाकडून आदेशाची मर्यादित फेरतपासणी आहे. याही मार्गात महिने जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘वीस वर्षे कोर्टात’ हे चित्र त्याला लागू पडत नाही. दुकान किंवा गाळा यांना ही सोय नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

बारा वर्षांचा आकडा आला आहे तो १९६३ च्या मुदत कायद्यातून. तेथील तरतूद प्रतिकूल कब्जाची आहे, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे जागा ताब्यात ठेवणाऱ्याची. जो दरमहा भाडे भरतो आणि करारावर सही करून मालकाला मालक म्हणून मान्य करतो, त्याचा ताबा परवानगीचा असतो. तो बारा वर्षे राहिला काय आणि वीस वर्षे राहिला काय, नुसत्या वर्षांच्या जोरावर घर त्याचे होत नाही. शिवाय ही भीती खरी असती, तरी एजंट ती कशी दूर करणार होता, याचे उत्तर कोणी देत नाही.

नोटरीचा करार पुरतो हा दुसरा मुद्दा जास्त घातक आहे, कारण तो मानल्याने कलम २४ चे बळच निसटते. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हा १९०८ च्या नोंदणी कायद्याचा सर्वसाधारण नियम असल्याने अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे करते, मग तो अकरा महिन्यांचा असो वा पाच वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अटींविषयी वाद झाल्यास उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोटरीचा शिक्का एजंटने आणून दिला, तरी या कलमाखाली उभे राहावे लागते ते मालकालाच.

खर्चही फारसा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील वार्षिक दहा टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. कासारवडवली किंवा घणसोलीतील फ्लॅटचे भाडे २५,००० आणि अनामत एक लाख धरल्यास छत्तीस महिन्यांच्या कराराला ते सुमारे २,३२५ रुपये होते, आणि महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये. आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशांवर ही नोंदणी ऑनलाइन होते. यंत्र घेऊन घरी येणारा सेवादाता हा दलाल नव्हे, त्याचे शुल्क वेगळे आणि मर्यादित असते.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचे काम ऑनलाइन होते आणि ते मालकाच्या नावाने होते. सोसायटीला द्यायची ती पूर्वसूचना. गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, म्हणजे आदर्श उपविधींनुसार, पूर्वपरवानगीची गरज नाही. मालक स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटवर सोसायटी लावते ते बिगर-भोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, ही मर्यादा १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने घातलेली आहे. एजंट हे मालकाला सांगताना क्वचितच दिसतो.

राहिला चौथा मुद्दा. वरच्याच उदाहरणात दर अकरा महिन्यांनी एक भाडे दलाली म्हणून दिले, तर तेहतीस महिन्यांत ती ७५,००० रुपये होते, आणि तोच भाडेकरू पुढे राहिला तरी नूतनीकरणाची म्हणून पुन्हा मागितली जाते. प्राप्तिकरात घरभाड्यावर तीस टक्क्यांची सरसकट वजावट असल्याने दलालीची निराळी वजावट मिळत नाही. या पैशांत मिळते काय? भाडेकरू शोधून किल्ली त्याच्या हाती पडली की बहुतेक एजंटांचे काम संपते. जुलैत न्हाणीघराच्या छतातून पाणी गळू लागले की फोन मालकालाच येतो. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला आपला मोबाइल जोडणे, किल्ली देताना मीटरचे आकडे आणि भिंतींचे फोटो करारासोबत ठेवणे, पावसाळ्याआधी एकदा गच्ची आणि खिडक्या पाहून घेणे, सोसायटीच्या प्लंबरचा क्रमांक भाडेकरूला देणे ही कामे दलालीत मोडतच नाहीत. महारेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवसायावर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण, त्याच्या नोंदणीचा दाखलाही येथे फारसा उपयोगी नाही, कारण २०१६ च्या रेरा कायद्यातील एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे.

मालक परदेशात असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा भाडेकरूला भाड्यातून कर कापून भरावा लागतो, दुरुस्तीला माणूस लागतो, आणि त्यासाठी कुलमुखत्यार नेमणे किंवा पैसे देऊन देखभाल करून घेणे रास्तच आहे. कोल्हापुरात राहून खारघरचा फ्लॅट भाड्याने देणाऱ्यानेही भाडेकरू शोधण्यापुरता एजंट जरूर लावावा; फक्त अनामत आणि भाडे थेट स्वतःच्या खात्यात घ्यावे, आणि नोंदणीकृत कराराची प्रत एजंटकडे न ठेवता स्वतःकडे ठेवावी.