गॅब्रो दिला हे खरं, पण फसवलं नाही ताई

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला अन् मग झोपच लागली नाही. तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकाच्या ओट्याला ब्लॅक गॅलेक्सी ग्रॅनाइट सांगून गॅब्रो नावाचा दुसराच दगड दिला, म्हणजे आपल्याच रानातला काळा दगड पॉलिश करून विकला, वरून सहा महिन्यांत सिंकजवळ पांढरे डाग पडले.

गॅब्रो आहे हे बरोबर, अन् तसं बिलावर लिहिलं नाही ही माझी चूक. आमच्या धंद्यात पॉलिश घेणाऱ्या कडक दगडाला सरसकट ग्रॅनाइटच म्हणतात, पण खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, भरपूर असतो अन् गॅब्रोत जवळपास नसतोच. आता नवीन बिलावर दोन्ही नावं टाकतोय, धंद्यातलं ब्लॅक गॅलेक्सी ग्रॅनाइट अन् खरं गॅब्रो.

पण रानातला दगड नाही हो ताई. आपल्या खानदेशातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरला अन् पटकन गार झाला, म्हणून त्यात दाणा डोळ्याला दिसत नाही, घरचा पाटा हातात घेऊन बघा. गॅब्रोचा मसाला जवळपास तोच, फक्त तो जमिनीखाली खोल हळूहळू गार झाला, दाण्याला वाढायला वेळ मिळाला. सकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा ओट्याकडं तिरपं बघा, सोनेरी ठिपके चमकतात ते ब्राँझाइट नावाचं खनिज आहे. हा माल आंध्रात ओंगोलजवळ चिमाकुर्तीला निघतो. वर्कशॉपमध्ये माप तपासायला जो सपाट काळा दगड ठेवतात तो पण बऱ्याचदा याच जातीचा, इतका टिकाऊ.

रंग मारलाय अशी शंका असेल तर पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपऱ्यात घासा, फडकं काळं झालं तर अख्खा ओटा माझ्या खर्चाने काढून देतो.

डागांचं सांगतो. ओटा बसवताना मी स्वतः होतो, तुमच्याकडं बोअरचं पाणी, जुन्या नळाची तोटी पांढरीफटक झालेली बघितली होती. हे डाग त्याच क्षाराचे, दगडाच्या वर बसलेत, आत गेले नाहीत. कडप्पा असता तर लिंबानेच खाल्ला असता कारण तो चुनखडीचा. फक्त बाथरूमचं अ‍ॅसिड लावू नका ताई, पॉलिश जाईल, मग मलाही काही करता येणार नाही. सिंकजवळ रोज रात्री कोरडं फडकं फिरवा.

शनिवारी दुपारी घरी असाल तर कळवा, ब्लेड घेऊन मीच येतो, ओलं करून हलक्या हाताने खरवडून देतो, पैसे नकोत.