मॅक्लारेन एफ वनमधील सोन्याविषयी खुलासा

मॅक्लारेन एफ वन या वेगवान स्पोर्ट्स कारच्या इंजिनकक्षात सोने लावले ते केवळ श्रीमंती मिरवण्यासाठी, असे सांगणारा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. सोने अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे किरण, उत्तम परावर्तित करते, आणि ६.१ लिटरच्या बीएमडब्ल्यू व्ही-१२ इंजिनाची धग कार्बन फायबरच्या भागांना बाधू नये म्हणून तिथे सोन्याचा अतिशय पातळ वर्ख वापरला आहे. प्रत्येक भागाचे वजन घटवण्यासाठी झटणाऱ्या गॉर्डन मरे या गाडीच्या रचनाकारांनी निव्वळ दिखाव्यासाठी काही बसवले असेल, हे मुळातच पटण्याजोगे नाही. एकूण १०६ गाड्या तयार झाल्या, त्यात शर्यतीच्याही आल्या. मात्र या दुर्मिळतेपेक्षा मला मोलाचे वाटते ते मधोमध ठेवलेले चालकाचे आसन, ज्यामुळे रस्ता दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो.