पाचर मारण्याआधी तीन कोन : निपाणीच्या वाचकाला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी मांडतो. मारुती जिप्सीची उंची वाढवल्यावर (म्हणजे लिफ्ट केल्यावर) मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरायला लागला तर आधी कोन मोजा, अंदाजाने पाट्यांखाली (लीफ स्प्रिंगखाली) पाचर, म्हणजे तिरका तुकडा, मारू नका, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता हे पुस्तकी आहे. तुमच्या मिस्त्रींची अख्खी हयात जीपमध्ये गेली. त्यांनी मागच्या ॲक्सलला पाचर मारून पिनियनचं (ॲक्सलला शाफ्ट जिथे जोडतो त्या टोकाचं) तोंड वर, ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीकडे) केलं आणि गाडी चाळीसपर्यंत शांत झाली. साठच्या पुढे जे उरलंय ते टायरचं. मोबाईलवर कोन बघून गाड्या दुरुस्त होत नाहीत, आणि मी लोकांना उगाच खर्चात पाडतो.

पाचरेने तुम्हाला फरक पडला हे मला पूर्ण पटतं. मिस्त्रींच्या हाताबद्दलही शंका नाही. निपाणी, संकेश्वर, खानापूर पट्ट्यात जुन्या जीप आजही धावतात त्या अशाच माणसांमुळे. माझा वाद आहे तो त्या एका उपायाचा नियम करण्याशी. तुमच्या गाडीला ज्याने बरं वाटलं तेच शेजारच्या गाडीला बिघडवू शकतं, आणि ते का, हे सांगायलाच हवं.

क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, कोनात फिरतो तेव्हा एका बाजूने फिरणं अगदी एकसारखं असलं तरी दुसऱ्या बाजूला ते एकसारखं राहत नाही. दर फेऱ्यात दोनदा वेग वाढतो, दोनदा कमी होतो. शाफ्टला दोन क्रॉस असतात ते यासाठीच: ट्रान्सफरकडच्या क्रॉसने केलेला चढउतार पिनियनकडचा क्रॉस उलटा करून मिटवतो. त्याला अटी दोन. दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत. म्हणजे साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला पिनियन ट्रान्सफरच्या आउटपुटला समांतर हवा, त्याच्याकडे तोंड करून नको. तोंड ट्रान्सफरकडे करायचं ते वरच्या, म्हणजे ट्रान्सफरकडच्या, टोकाला डबल कार्डन जॉइंट असेल तर. तिथे दोन क्रॉस एकाच जागी एकमेकांचा हिशेब मिटवतात, म्हणून खालचा कोन जवळजवळ शून्य ठेवायचा. परदेशी जीपच्या व्हिडिओंत दिसतो तो बहुतेक हा प्रकार. कंपनीच्या जिप्सीचा शाफ्ट तसा नाही.

आता आकड्यांवर येऊ. समजा लिफ्टनंतर ट्रान्सफरचा आउटपुट मागे ३ अंश उतरता आहे आणि शाफ्ट १४ अंश. वरचा कोन झाला ११. पिनियनही ३ अंशांवर असेल तर खालचा कोनही ११, हिशेब बरोबर. पण पाटे ॲक्सलच्या वर घेताना नवीन पॅड (पाटे टेकायच्या बैठका) वेल्ड होतात आणि त्या वेळी पिनियन जसा टेकवला तसा कायमचा राहतो. तो ० अंशावर राहिला असेल तर खालचा कोन १४. अशा वेळी उरणारा दोष नुसती वजाबाकी करून निघत नाही. दोन्ही कोनांच्या वर्गांतला फरक काढून त्याचं वर्गमूळ घ्यावं लागतं. ११ आणि १४ म्हणजे जवळजवळ ८.७ अंशांवर एकटाच क्रॉस चालवल्यासारखं. यात ५ अंशांची पाचर मारली की खालचा कोन ९ होतो आणि उरलेला दोष ६.३. गाडी सुधारली, पण बरी झाली नाही. योग्य पाचर ३ अंशांची होती. तुमचं वर्णन, म्हणजे चाळीसपर्यंत शांत आणि साठला शिल्लक, या हिशेबात बसतं.

आता हीच पाचर लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी पट्टी) लावून उचललेल्या गाडीत मारा. मागच्या पाट्याचं शॅकल मागच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि पिनियनचं तोंड आपोआप वर होतं. तिथे आणखी ५ अंश वर म्हणजे वरचा कोन ११ आणि खालचा ४ सुद्धा होऊ शकतो. उरलेला दोष १०.२. त्या माणसाने तुमची प्रतिक्रिया वाचून पाचर मारली तर त्याची गाडी आधीपेक्षा वाईट होईल, आणि त्याला कारणही कळणार नाही. मी आधी मोजा म्हणतो ते त्याच्यासाठी. वर्गमुळाचा आणखी एक परिणाम असा, की कोन मोठे असले की थोडी चूकही महाग पडते. ११ आणि १० मध्ये फरक फक्त १ अंशाचा, पण उरणारा दोष ४.६ चा.

साठची थरथर टायरची की शाफ्टची, यावर वाद घालायची गरज नाही, ते तपासता येतं. २३५/७५ आर १५ टायर आणि डिफरन्शियलचा रेशो साधारण ४ धरला तर साठच्या वेगाला चाक सेकंदाला ७ फेरे फिरतं, शाफ्ट २९, आणि क्रॉसचा हादरा दर फेऱ्यात दोनदा म्हणजे सेकंदाला ५८. टायरचा हादरा सीटला आणि स्टिअरिंगला थडथड जाणवतो. क्रॉसचा गुणगुणतो, आरसा धूसर होतो, फ्लोअरला पाय लावला की तळव्याला मुंग्या येतात. दुसरी परीक्षा तुमच्या दारातच आहे. तवंदी घाट एका वेगाने चढा, मग त्याच वेगाने ॲक्सिलरेटर सोडून उतरा. ओढताना पाटे पिळले जातात आणि पिनियनचं तोंड वर उचललं जातं, पाय काढला की खाली येतं. म्हणून कोनाची थरथर चढताना आणि उतरताना वेगवेगळी येते. टायरला तुमचा पाय कुठे आहे याने काही फरक पडत नाही. तरीही उलगडा झाला नाही तर मागचा शाफ्ट काढा. जिप्सीत तो दोन्हीकडे फ्लँजवर असतो, तेल सांडत नाही. हब लॉक करून फोर-हायमध्ये, म्हणजे फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर, मोकळ्या मातीच्या रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत फिरवा. थरथर गेली तर ती शाफ्टची. आणि शाफ्ट काढण्याआधी चाकांना दगड लावायला विसरू नका.

खर्चाचा आरोप मला लागला, कारण मी सांगितलेल्या क्रमात पैसे शेवटी येतात. पहिल्यांदा ट्रान्सफर केसचे रबर माउंट आणि पाट्यांचे बुश बघा. ते दबले असतील तर कोन धरून ठेवायला काहीच नाही. मग क्रॉस हाताने हलवून बघा. मग शाफ्टची जुळणी. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त वेळा राहून गेलेली दिसते. ग्रीस करायला किंवा लांबी वाढवायला शाफ्ट मधल्या स्प्लाइनवर (एकात एक सरकणाऱ्या दात्यांच्या जोडावर) वेगळा करतात आणि परत बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे होतात. दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत आणि मग कोन कितीही अचूक असले तरी हादरा मिटत नाही. सोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पंचची खूण करायची, एवढंच. खर्च शून्य. शाफ्ट लांब करून आणला असेल तर बॅलन्सिंग केल्याशिवाय घेऊ नका. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि वेल्डिंगचं काम सुंदर होतं, पण सरळ वेल्ड झालेला शाफ्ट बॅलन्स झालेलाच असतो असं नाही.

पाचर यानंतर. ती पोलादी घ्या. ॲल्युमिनियमची पाट्याखाली चेपते, फुटते आणि निसटते. सेंटर बोल्ट तिच्यातून आरपार जायला हवा, लांब बोल्ट लागला तर लांब घालायचा. यू-बोल्ट नवे घालायचे आणि थोडं चालवल्यावर परत आवळायचे. एकावर एक दोन पाचरी कधीच नाहीत.

आणि पुढच्या ॲक्सलला हा प्रयोग नकोच. तिथे पिनियन वर केला की कॅस्टर (स्टिअरिंग सरळ धरून ठेवणारा कलता कोन) कमी होतो आणि हायवेला स्टिअरिंग भरकटतं.

ट्रान्सफर केस खाली घ्यावी का, हे अनेकांनी विचारलंय. जीपच्या मानाने जिप्सीत याला मर्यादा आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मधे छोटा शाफ्ट. केस खाली घेतली की मागचा कोन कमी होतो, पण त्या छोट्या शाफ्टला त्याहून जास्त वाढतो, आणि तो गिअरबॉक्सच्या वेगाने फिरतो. थोडंसं चालतं, जास्त नाही. नव्या थारला मागे आणि जिम्नीला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग असल्यामुळे तिथे पाचरेचा प्रश्नच येत नाही, आर्मच्या लांबीने पिनियन फिरवावा लागतो.

कोन सारखे झाले तरी ते किती मोठे, याचाही विचार करा. शाफ्ट बनवणाऱ्या स्पायसरच्या तक्त्यात मिनिटाला ३००० फेऱ्यांना ५.८ अंश आणि २००० फेऱ्यांना ८.७ अंश ही मर्यादा दिली आहे. ११ अंशांचा शाफ्ट जांबोटीच्या लाल चिखलात वर्षानुवर्षं चालेल, पण तोच घेऊन पुणे-बेंगळुरू हायवेला नव्वदने जाऊ नये. दुर्लक्ष केलं तर आधी क्रॉसच्या बेअरिंगच्या सुया झिजतात, मग पिनियनचं सील गळतं, मग बेअरिंग. चोर्ला घाट उतरताना मागचा क्रॉस तुटला तर टू-व्हीलमध्ये इंजिनचं ब्रेकिंग त्याच क्षणी जातं, आणि पुढचं टोक सुटलं तर शाफ्ट रस्त्यात रुततो. तुम्ही त्या घाटाने गोव्याला जाता असं लिहिलंय, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतोय.

मोबाईलचं म्हणाल तर अर्ध्या-एक अंशापर्यंत तो पुरतो. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज मिळाला तर उत्तमच. मला तीन आकडे पाठवा: ट्रान्सफरचा फ्लँज, शाफ्टची नळी, पिनियनचा फ्लँज. जोडीला पाचर किती अंशांची आहे आणि लिफ्ट शॅकलने केली की पॅड वेल्ड करून, तेही कळवा. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर नको, कारण जॅकवर ॲक्सल लोंबतो आणि सगळे कोन बदलतात. नेहमीचं सामान आत ठेवूनच मोजा, आणि मिस्त्रींना शेजारी घ्या.