डोंगर सरकारचा, बंदी आल्टाची

कोल्हापुरात कुस्तीला गादी की माती हा विषय निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक बाजू म्हणते, ऑलिंपिक गादीवर होतं, तेव्हा तालमीत गादी आलीच पाहिजे. खाशाबा जाधव 1948 ला लंडनला सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले, ते गादीशी जुळवून घेतल्यावरच, हा त्यांचा हुकमी दाखला. दुसरी बाजू म्हणते, हौद्यातली लाल माती हीच आमची कुस्ती; गादी हवी त्यानं गादीच्या केंद्रात जावं.

तिकडे अमेरिकेत, युटाच्या बर्फाळ डोंगरांवर असाच एक वाद वर्षानुवर्षं धुमसतोय. एका बाजूला स्कीवाले, म्हणजे दोन पायांना दोन पट्ट्या बांधून समोर तोंड करून उतरणारे. दुसऱ्या बाजूला स्नोबोर्डवाले, दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधून घसरणारे. अमेरिकेत स्नोबोर्डला पूर्ण बंदी असलेली तीन नावाजलेली ठिकाणं उरली आहेत: युटात आल्टा आणि डिअर व्हॅली, व्हरमाँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेन. चौथं होतं न्यू मेक्सिकोतलं ताओस, पण त्यांनी 19 मार्च 2008 ला दार उघडलं.

अशी बंदी घालायचा हक्क रिसॉर्टला असावा का? माझं मत सांगतो. स्वतःच्या जमिनीवर असावा, सभासदांच्या मालकीच्या डोंगरावर तर नक्कीच असावा. सरकारी जमीन भाड्यानं घेऊन धंदा करणाऱ्याला मात्र तो आपोआप मिळू नये.

आधी बंदीची कारणं तपासू, कारण त्यात खरं-खोटं बरंच मिसळलंय.

पहिलं कारण सांगतात ते दिसण्याचं. डावा पाय पुढे ठेवणाऱ्या बोर्डवाल्याची छाती उजवीकडे असते आणि पाठ डावीकडे. टाचेच्या कडेवर जोर दिला की तो डावीकडे वळतो, म्हणजे त्याला जिकडचं दिसत नाही नेमक्या त्याच बाजूला. हे खरं आहे. पण उतारावरचा जगभराचा नियम असा की पुढच्याचा मान पहिला. मागून, वरून येणाऱ्यानं अंतर राखायचं, मग त्याच्या पायात काहीही असो. दुखापतींचं म्हणाल तर बोर्डवाल्यांची मनगटं जास्त जातात आणि स्कीवाल्यांचे गुडघे. दोघांनाही हाडांचा डॉक्टर लागतोच.

दुसरं कारण बर्फ खरवडला जाण्याचं. नवशिका बोर्डवाला तीव्र उताराला घाबरला की दीड मीटरची फळी उताराला आडवी धरतो आणि टाचेवर बसल्यासारखा घसरत खाली येतो. अरुंद घळीत असे दहा जण गेले की वरचा भुसभुशीत बर्फ खाली आणि मागे टणक पाट उरतो. पण घाबरलेला स्कीवालाही आडवा होऊन हेच करतो, आणि त्याच्या पट्ट्या तर बहुतेक वेळा बोर्डापेक्षा लांब असतात. हा दोष कौशल्याचा आहे, साधनाचा नाही.

तिसरं कारण मात्र वजनदार आहे: सपाट वाट. आल्टाचे चांगले उतार लिफ्टच्या, म्हणजे माणसांना डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्यांच्या, थेट खाली नाहीत. कॉलिन्स लिफ्टनं वर जायचं, मग हाय ट्रॅव्हर्स नावाच्या डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेनं आडवं जायचं आणि हवी ती घळ आली की खाली वळायचं. या वाटेवर मध्येच चढ लागतो. स्कीवाला वेग कमी झाला की काठ्या टेकतो, पट्ट्या तिरप्या टाकत पुढे सरकतो. बोर्डवाल्याकडे काठ्या नसतात. वेग मेला की तो थांबतो, वाकून मागच्या पायाचं बाइंडिंग, म्हणजे पाय फळीला बांधणारी पकड, सोडतो आणि लहान मुलं स्कूटर ढकलतात तसा एका पायानं ढकलत जातो. मागे रांग तुंबते आणि बाजूनं निघायला जागा नसते. ताज्या बर्फाच्या सकाळी त्या वाटेवर काय वातावरण असतं, ते तिथं जाणाऱ्यांना विचारा. तिथली माणसं कोल्हापूरकरांइतकी मोकळी बोलत नाहीत, तरी त्या सकाळी बोलतात.

मॅड रिव्हर ग्लेनचा पेच लिफ्टचा होता. तिथं 1948 सालची, एका वेळी एकच माणूस नेणारी खुर्ची आहे. बोर्डवाला लिफ्टवर बसताना मागचा पाय मोकळा ठेवतो. उतरताना फळी नाकासमोर सरळ करायची, मोकळा पाय मागच्या बाइंडिंगला टेकून फळीवर दाबायचा, उभं राहायचं आणि उताराचा शेवट येईपर्यंत ब्रेक लावायचा नाही. नवखा नेमका तिथंच घाबरून टाच दाबतो, कड बर्फात रुतते आणि तो आडवा होतो. दोन-चार जणांच्या खुर्चीत शेजाऱ्याचा आधार तरी असतो; एकट्याच्या खुर्चीत तोही नाही. मागची खुर्ची तोवर आलेली असते, म्हणून लिफ्ट थांबवायची. पण एका लिफ्टचा प्रश्न अख्ख्या डोंगरावरच्या बंदीला पुरत नाही. ती बंदी टिकली, कारण 1995 पासून हा डोंगर सहकारी संस्थेचा आहे आणि सभासदांना ती हवी आहे. सहकाराच्या जिल्ह्यातल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. सभासदांनी ठरवलं, विषय संपला. (सर्वसाधारण सभेत माइक ओढाओढी होते की नाही, तेवढं विचारायला हवं.)

आल्टाचं तसं नाही. तिथले बहुतेक उतार केंद्र सरकारच्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर आहेत. रिसॉर्ट परवाना घेतं आणि अशा परवान्यांचं शुल्क उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार दीड ते चार टक्के असतं. याच मुद्द्यावर जानेवारी 2014 मध्ये ‘वॉसॅच इक्वालिटी’ ही संस्था आणि काही बोर्डवाले कोर्टात गेले. सरकारी जमिनीवर आम्हाला मज्जाव म्हणजे घटनेतल्या समान संरक्षणाचा भंग, असं त्यांचं म्हणणं. खालच्या कोर्टानं सप्टेंबर 2014 मध्ये दावा फेटाळला, वरच्या कोर्टानं एप्रिल 2016 मध्ये तोच निकाल कायम केला. बंदी सरकारनं नाही, खासगी कंपनीनं घातली, आणि सरकारला शुल्क मिळतं एवढ्यानं ती सरकारी होत नाही.

निकाल मला पटतो, कारण समानतेची तलवार इथं काढायची नसते. 1919 साली शाहू महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम काढले, ते माणसाला त्याच्या जन्मावरून अडवलं जात होतं म्हणून. बोर्ड खाली ठेवता येतो. तोच माणूस भाड्यानं स्की घेऊन त्याच आल्टात त्याच तिकिटावर जातो, किंवा बोर्ड घेऊन शेजारच्या स्नोबर्ड रिसॉर्टला जातो. तालमीत ‘बूट घालून हौद्यात उतरू नको’ हा नियम आहे. ‘मुलींनी उतरू नये’ हा अन्याय आहे. दोन्हीला बंदी म्हणतात म्हणून दोन्ही एकाच तागडीत घालू नयेत.

पण कोर्टात टिकलं म्हणजे धोरण म्हणून बरोबर ठरलं असंही नाही. ताक, हळद, तेल घालून मळलेली माती रोज खोऱ्यानं उकरावी लागते. वर कायमची गादी टाकली तर खालची माती दगडासारखी बसते. म्हणजे एक साधन दुसऱ्याला खरोखर मारतं आणि मातीवाल्यांचा हट्ट समजतो. बोर्डानं बर्फाचं असं काही होत नाही. शेजारच्या स्नोबर्डवर दोघं एकाच उतारावर असतात आणि हिवाळा व्यवस्थित पार पडतो. आल्टाचं खरं कारण आवड आहे: गिऱ्हाइकांना फक्त स्कीवाले हवेत. खासगी जमिनीवर एवढं कारण पुरे. लोकांच्या डोंगरावर आवडीला सुरक्षेचा अंगरखा घालून चालणार नाही.

म्हणून फॉरेस्ट सर्व्हिसनं परवान्याच्या नूतनीकरणात अट घालावी: बंदी हवी तर उतारागणिक कारण द्या. हाय ट्रॅव्हर्सचं कारण देता येईल, मान्यही करावं. अल्बियन बाजूच्या सनीसाइड लिफ्टवरच्या रुंद, नवशिक्यांच्या उतारांचं देता येईल असं वाटत नाही. तिथून सुरुवात करता येते, आठवड्यातले चार दिवस, एक हंगाम. अडचण एकच दिसते: अल्बियन आणि वाइल्डकॅट या दोन तळांमध्ये सपाटीवरून दोर धरून ओढत नेणारा टो आहे. मागचा पाय मोकळा ठेवून, आडवं उभं राहून तो धरायला जमतं, पण नवख्याचा हात सुटतो आणि मागच्यांची माळ कोसळते. तेव्हा बोर्डवाल्यांची गाडी अल्बियनच्याच पार्किंगला लावायला सांगायची.